सरकारी बरणीत वाढलेले विष

‘पिण्याच्या रांजणात आढळलेल्या भेकाने कानांमागील ग्रंथींतून पाण्यात विष सोडल्यामुळे कुमारी अंजनी, वय अकरा, हिचा मृत्यू झाला. रांजण उघडा ठेवणारी स्वयंपाकीण सत्यवती या मृत्यूस जबाबदार आहे.’

मित्रांनो, या सरकारी वाक्यातला भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, तो मी. आता म्हातारा झालो आहे आणि जबलपुरात एका कुंडीखाली राहतो. गोष्ट मध्यप्रांताच्या काळातली, तिलवाऱ्याच्या रस्त्यावरच्या मुलींच्या वसतिगृहातली. हे वाक्य तिथले अधीक्षक श्यामसुंदरराव यांनी लिहिले. अक्षर सुरेख होते. वाक्यात एकच उणीव होती, ती म्हणजे सत्याची.

त्या रांजणाचे पाणी बावीस मुली प्यायल्या होत्या. आजारी पडल्या चार. चित्रकलेच्या तासाला थांबल्यामुळे त्या चौघी उशिरा जेवल्या होत्या. दुपारी तीनला त्यांना वांत्या सुरू झाल्या, आणि दुसऱ्या सकाळी पाटणची अंजनी गेली. बावीस आणि चार यांतला फरक अधीक्षकांना दिसला नाही. मी मात्र दिसलो.

त्या दिवशी मी केवढा होतो? तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. पाण्यातून बाहेर पडून मला आठवडाही झाला नव्हता. आईने डबक्यात लांब चिकट माळा सोडल्या, त्यांतल्या एका काळ्या मण्यातून मी आलो. त्या मण्यात तिने शिदोरी म्हणून थोडे कडू द्रव्य ठेवले होते. वाढता वाढता ते संपत आले. मग मागचे पाय फुटले, पुढचे फुटले, शेपूट अंगात जिरले. त्याच दिवसांत माझ्या कातडीत एक काम सुरू झाले होते. वरच्या थरातल्या पेशींचे बारीक कोंब खालच्या थरात उतरत होते. कोंब पोकळ होऊन त्याची पिशवी होते, पिशवीभोवती स्नायूंचे पातळ वेष्टन येते, वर एक सूक्ष्म तोंड उघडते. पिशवी तयार झाली तरी ती भरायला वेळ लागतो. डोळ्यांमागे अशा पिशव्यांची दाटी होऊन घेवड्याच्या दाण्यासारखा उंचवटा यायला तर आणखी कित्येक आठवडे जावे लागतात. अहवालात ज्या ग्रंथींनी खून केला, त्या माझ्या डोक्यावर उगवल्याच नव्हत्या.

पण मी मुद्देमाल ठरलो. ओली माती घातलेल्या काचेच्या बरणीत मला ठेवले गेले, आणि सत्यवतीला तुरुंगात. चौकशी अधिकारी गुणवंतराव यांनी हुकूम काढला की मुद्देमाल जिवंत राहावा आणि दर शनिवारी त्याची नोंद व्हावी. हे काम चित्रकलेच्या भानुमतीबाईंकडे आले. आपल्याच तासामुळे त्या मुली उशिरा जेवल्या, हे बाईंच्या मनातून जात नव्हते. त्या मला वाळवी घालत आणि म्हणत, “खा, सरकारी पाहुण्या. तुझी बडदास्त आहे. सत्यवतीला तिथे काय मिळत असेल, देव जाणे.” मग भिंग घेऊन माझे चित्र काढत आणि खाली तारीख घालत.

चौकशी चार महिन्यांनी बसली. तोवर मी चांगला मुठीएवढा झालो होतो. गुणवंतरावांनी बरणी उचलली आणि माझ्या डोळ्यांमागे बोट रोखले.

“अच्छा! हाच का तो? या पहा ग्रंथी. अहवाल बरोबर आहे.”

मित्रांनो, सरकारने मला धरले तेव्हा माझ्याजवळ शिक्षेपुरतेही विष नव्हते. ते सरकारच्या ताब्यात, सरकारी अन्नावर तयार झाले. आणि आता तेच माझ्या अपराधाचा पुरावा ठरत होते! शिवाय आम्ही विष थुंकत नाही. कुत्र्याने दातात धरले, कोणी जोराने दाबले, तरच ते पांढरे दूध बाहेर येते.

भानुमतीबाई उभ्या राहिल्या. “साहेब, आपल्याच हुकुमाची वही आहे ही. पहिलं पान पाहावं.”

पहिल्या पानावर नखाएवढे एक पिल्लू होते, गुळगुळीत डोक्याचे. गुणवंतराव एकेक पान उलटत गेले. सातव्या शनिवारी डोळ्यांमागे किंचित फुगवटा होता. शेवटच्या पानावर मी होतो.

“म्हणजे तेव्हा याला...”

“काहीच नव्हतं, साहेब.”

गुणवंतरावांनी तुरुंगातून आणलेल्या सत्यवतीकडे प्रथमच तोंड वळवले. “बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे?”

“म्या तर पहिल्याच दिवशी सांगून राहिली होती, साहेब. कोठीत ताटाखाली मळलेली कणीक होती. म्या नव्हती मळली. वाटलं, दुसऱ्या बाईनं ठेवली असंल. उशिरा आलेल्या पोरींले तिच्याच पोळ्या करून वाढल्या. काहून कोणी लिहून नाही घेतलं?”

अहवालात त्या कणकेचा उल्लेख नव्हता. भेक मिळाल्यावर कणकेची गरज काय? स्वतःच्याच शब्दांचा अर्थ सत्यवतीला हळूहळू कळला. ती आपल्या तळहातांकडे पाहत खाली बसली. इतके भयंकर पाहणे मी पुन्हा कधी पाहिले नाही.

मित्रांनो, पायरीवर मी दिसलो तर मीठ टाकू नका, दगड मारू नका, वाट द्या. आणि कोणावर बोट रोखण्याआधी त्या दिवशी तो केवढा होता, एवढे विचारा. गरिबाचे पहिल्या दिवशीचे बोलणे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. अंजनी त्यानेही परत आली नसती. पण एक निरपराध बाई चार महिने गजाआड राहिली नसती.

चौकशीच्या त्या दिवशी सत्यवती खाली बसली, तेव्हा श्यामसुंदरराव उठले, खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. त्यांचा जबाब कारकुनाने जसाच्या तसा उतरवला:

“उंदरांसाठी कणकेत सोमलाचं विष मीच कालवलं होतं. ताटाखाली ठेवून बाहेर गेलो, सत्यवतीला सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी रांजणात ते पिल्लू दिसलं. मला वाटलं, हे काही बोलणार नाही.”