कवळीच्या दुकानातले चाळीस दिवस

आयुष्यातले चांगले दिवस कोणते, असं कुणी विचारलं तर तबस्सुम ईदचे सांगत नाही, मामाच्या गावचेही सांगत नाही. बारावीचा शेवटचा पेपर संपला तिथपासून नीटच्या परीक्षेपर्यंतचे चाळीस दिवस सांगते. ऐकणारा बुचकळ्यात पडतो. चंद्रपूर जिल्ह्यातला एप्रिल, पंखा गरम हवा फेकतोय, पुढ्यात फिजिक्स उघडलेलं. यात चांगलं ते काय? पण त्या महिन्याची आठवण निघाली की तिला आजही भरून येतं. आणि लगेच एक काटा बोचतो. त्या काट्याचं नाव मात्र तिने सात वर्षं कुणाजवळ काढलं नव्हतं.

तिचे अब्बा नूर मोहम्मद गोंडपिपरीला कवळ्या बनवतात. बनवायचे, असं म्हणायला हवं. आता त्यांना नीट दिसत नाही, म्हणून कवळ्या तबस्सुम बनवते आणि अब्बा खुर्चीत बसून बोटांनी चाचपून चुका काढतात. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर गावच्या लोकांचे प्लास्टरचे जबडे. कोण मेलं, कोण परगावी गेलं, जबडा मात्र इथेच. ओल्या प्लास्टरमुळे ती खोली घरात सगळ्यात थंड, म्हणून दोघींचा अभ्यास तिथेच चालायचा.

दुसरी म्हणजे रंजीता. कॉलेजातली मैत्रीण, जंगलातल्या वीस-पंचवीस घरांच्या गोंड वस्तीवरची. सरकारी वसतिगृहात राहून शिकली. तिची माय रुखमाबाई गुडाखू, म्हणजे गुळातली तंबाखू, दातांना घासून घासून चाळिशीतच बोळकी झाली होती. तिला नूर मोहम्मदनी कवळी बसवून दिली. रुखमाबाईने आरशात पाहिलं, हसली, पुन्हा पाहिलं आणि पुन्हा हसली. शेजारी बसलेल्या रंजीताने त्याच दिवशी ठरवलं की आपण दातांचं डॉक्टर व्हायचं. तबस्सुमने तर ते लहानपणीच ठरवलं होतं, कारण अब्बांकडे मापं पाठवणारे डॉक्टर खुर्चीत बसायचे आणि अब्बा त्यांच्यासमोर उभे राहायचे. हे तिला खटकायचं.

कॉलेजातल्या सरांच्या आग्रहाखातर दोघींनी नीटचा फॉर्म भरून ठेवला होता, पण अभ्यास केला होता फक्त बोर्डाचा. बोर्ड संपलं तेव्हा हातात उरले चाळीस दिवस. त्यातच वसतिगृह बंद झालं आणि रुखमाबाईचा निरोप आला की मोहफुलं पडायला लागली, घरी ये. हा मोहाचा हंगाम, मग तेंदूपानांचा. घरात हात कमी. तेव्हा नूर मोहम्मद स्वतः वस्तीवर गेले.

"रुखमाबाई, पोरीले चाळीस दिवस माह्या घरी राहू द्या," ते म्हणाले. "तबस्सुमसंगं अभ्यास करन."

रुखमाबाईने हातातली टोपली खाली ठेवली. "यंदा न्या, भाऊ. पन एकडावच. नाई झालं त् पुढच्या साली आखीन न्याचं नाव नाई काढाचं."

म्हणजे रंजीताला एकच संधी होती. तबस्सुमला दुसरी मिळाली असती कदाचित, पण तेव्हा तिलाही तसं वाटत नव्हतं. अब्बांची नजर तेव्हाच अधू व्हायला लागली होती.

नूर मोहम्मद बसने भद्रावतीला गेले आणि फॅक्टरी कॉलनीतल्या एका मुलाची जुनी पुस्तकं नि सराव पेपरांचा गठ्ठा घेऊन आले. पुस्तकांचा संच एक आणि डोकी दोन. एकीने वाचायचं, दुसरीने ऐकायचं, मग अदलाबदल. घरात एरवी हिंदी चालायची, पण रंजीतासाठी सगळे मराठी बोलायला लागले. अम्मी तर इतकी अडखळायची की रंजीताच शेवटी म्हणाली, "अम्मी, तुमी हिंदीच बोला, मले समजते."

अब्बांना अभ्यासात मदत करायची हौस दांडगी. पण त्यांना प्रश्न येत होता एकच. हातात कानस घेऊन ते दिवसातून तीनदा विचारायचे, "सांगा बरं, मानसाले दात किती?" दोघी एका सुरात "बत्तीस" म्हणायच्या आणि अब्बा समाधानाने मान डोलवायचे. हा प्रश्न परीक्षेत येणार याची त्यांना खात्री होती. आला नाही.

एक दिवसाआड दुपारी दोन ते पाच सराव पेपर. एकशे ऐंशी प्रश्न, एकशे ऐंशी मिनिटं. अब्बा घड्याळ घेऊन खुर्चीत बसायचे आणि इतके गंभीर व्हायचे की गिऱ्हाइकालाही दारातूनच परत पाठवायचे. पेपर झाला की तबस्सुमचा रंजीता तपासायची आणि रंजीताचा तबस्सुम.

पहिल्याच पेपरात तबस्सुमच्या लक्षात आलं. रंजीताचे शेवटचे पन्नास-पंचावन्न प्रश्न कोरे होते, आणि ते सगळे बायोलॉजीचे. बायोलॉजी तिचा हातखंडा विषय. कॉलेजात तिच्याइतके मार्क कुणाला नसायचे. पण त्या संचात फिजिक्स आधी यायचं. रंजीता एखाद्या अवघड गणिताशी अडायची आणि अडूनच बसायची. दहा-दहा मिनिटं जायची.

"सोडून पुढं काऊन नाई जात तू?" तबस्सुमने विचारलं होतं.

"हातातला पुडा बांधल्याबिगर दुसरा धरत नाईत," रंजीता सहज म्हणाली. "अधुरा ठेवला का पानं मिसळतात, गिनती चुकते. लहानपनापासून मायचा मार खाल्ला हाये त्याच्यासाठी."

तेंदूपानांचा पुडा सत्तर पानांचा. सत्तर मोजायची, बांधायचा, मगच पुढच्या पानाला हात लावायचा. सहा-सात वर्षांची होती तेव्हापासून तिच्या हाताला ते वळण होतं, आणि हाताचं वळण डोक्यातही उतरलं होतं. तबस्सुमला ते तत्क्षणी कळलं. हेही कळलं की हे वळण मोडलं तर ही पोरगी आपल्या किती तरी पुढे जाईल.

तेव्हा ती गप्प बसली.

तिच्या बाजूने सांगायचं तर एवढंच, की ती अठरा वर्षांची होती आणि नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजात जागा मोजक्याच, एवढंच तिला ठाऊक होतं. या भागातून एखादीच जाणार, असं दोघी धरूनच चालल्या होत्या. मग ती रोज रंजीताच्या ताटात पोळी जास्त वाढायची, तिच्या केसांना तेल लावून द्यायची, आणि तपासलेला पेपर परत देताना म्हणायची, "चांगला हाये, अजून थोडा वेग पाहिजे." असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी सकाळी रुखमाबाई आली. पहाटे मोहफुलं वेचून, तशीच पहिली बस पकडून. सोबत पदरात बांधून टेंभरं आणली होती, तेंदूची पिकली पिवळी फळं. ती दुकानात पाय पसरून बसली आणि बोलायला लागली.

"यंदा फूल लय पडून राह्यलं. पन येकटीले सरत नाई. पडलं थे उचलाचं, पुढच्या झाडाखाली जाचं. उलटून येतपावतर पह्यल्या झाडाचं आखीन पडलेलं रायते. झाडाकडं पाहत बसलं त् दिवस तिथीच जाते."

मग तिने सगळ्यात मोठं टेंभरू निवडून तबस्सुमच्या हातात दिलं. "बाई, माही पोरगी होईन न पास? तुह्या भरोशावर ठेवली हाये." असं म्हणून ती अब्बांनी केलेल्या दातांनी हसली.

तबस्सुमने ते फळ न खाता बाजूला ठेवलं. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. रुखमाबाईची बस गेली आणि तिने रंजीताला समोर बसवलं.

"पेपर म्हंजे पुडा नाई, मोहफूल हाये," ती म्हणाली. "पडलेलं उचल नि पुढं जाय. जे झाडावर हाये त्याच्याकडं पाहत नको बसू. उलटून येशीन तवा पाहू."

रंजीताने सरावाचा पेपर पुढे ओढला. मग म्हणाली, "हे मले पह्यलेच समजाले पाहिजे होतं." दुसऱ्या दिवशी दुपारच्या पेपरात तिने आधी बायोलॉजी धरलं, मग केमिस्ट्री, आणि फिजिक्समधली सोपी वेचून उरलेल्यांकडे दुसरी फेरी मारली. पाचला दहा मिनिटं कमी असताना तिने पेन खाली ठेवला. मार्क ऐंशीने वाढले होते. अब्बांनी दोघींना बर्फाचा गोळा खाऊ घातला, तबस्सुमला कालाखट्टा आणि रंजीताला ऑरेंज.

त्यानंतरचे दिवस खरे सुखाचे. तबस्सुमच्या मनावरचं ओझं गेलं होतं, निदान अर्धं; अकरा दिवसांचं सांगायचं राहिलंच होतं. दोघी हसायच्या फार. प्लास्टरच्या जबड्यांना नावं ठेवून त्यांच्याशी बोलायच्या, एकमेकींच्या दातांची मापं काढायच्या, झोपेतही सूत्रं बडबडायच्या. अशी सोबत तबस्सुमला पुन्हा कधी मिळाली नाही.

जूनमध्ये निकाल लागला. रंजीताला नागपूर मिळालं. तबस्सुमचं थोडक्यात हुकलं. पुढच्या वर्षी अब्बांना दात आणि मेण यातला फरक दिसेना, मग दुकान कुणीतरी धरायला हवंच होतं.

आता रंजीताचा सावली गावात दातांचा दवाखाना आहे. कवळ्यांची मापं ती दुसऱ्या कुणाकडे पाठवत नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी स्वतः घेऊन येते आणि येते तेव्हा दुकानात खाली फरशीवरच बसते. परवाच्या रविवारी ती आली ती रुखमाबाईचं माप घेऊन. जुनी कवळी आता सैल व्हायला लागली होती. अब्बा आत झोपले होते. तबस्सुमने ते माप हातात घेतलं आणि तिला बोलल्याशिवाय राहवलं नाही.

"रंजीता, तुह्या पुड्याचं मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "अकरा दिवस मी मुद्दाम नाई सांगतलं. तू माह्या पुढं जाशीन म्हनून."

सात वर्षं घोकलेलं वाक्य एका दमात संपलं. रंजीताने ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"तू अकरा दिवसानं तरी सांगतलं," ती शेवटी म्हणाली. "मी त् सांगतलंच नाई."

"काय?"

"तुहे पेपर मी तपासत होती न. तू पेन्सिलनं उत्तराचे गोल भरत होती, नि शेवटच्या अर्ध्या तासात खोडून दुसरे भरत होती. अब्बा कवळी घासून घासून बसवत तसं. खोडल्यावर बी पह्यला गोल दिसे मले. शेवटच्या सरावात तू एकवीस उत्तरं बदलली. त्यातली सोळा पह्यले बरोबर होती."

तबस्सुमला हातातलं माप खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. परीक्षेच्या दिवशी तिने आधी प्रश्नपत्रिकेवर खुणा केल्या होत्या. शेवटच्या अर्ध्या तासात त्या बदलून मग पेनाने गोल भरले होते. किती बदलले ते तिला नीट आठवत नव्हतं. पुष्कळ बदलले होते.

"रोज सांगाचं ठरवत होती," रंजीता म्हणाली. "वाटे, एकच जागा असन. मले दुसऱ्यांदा कोनी पाठवनार नव्हतं. नागपूरले गेली, यादी लागली, तवा पाह्यलं. माही यादी आदिवासींची, तुही खुल्यातली. तुह्या जागेसंगं माह्या जागेचा कायी संबंधच नव्हता, तबस्सुम. आपुन दोघी उगीच भेलो."

रस्त्यावरून आष्टीची बस गेली. आत अब्बा कूस बदलून पुन्हा घोरायला लागले. तबस्सुमने ते चाळीस दिवस मनातल्या मनात पुन्हा पाहिले. बर्फाचा गोळा, जबड्यांची नावं, हसणं, सगळं जागच्या जागी होतं. आणि त्या सगळ्यात दोघी एकमेकींना भीत बसलेल्या होत्या. ती सात वर्षं स्वतःला चोर समजत आली होती. आता तिला रडूही येत होतं आणि रंजीताच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशीही वाटत होती.

"मले लय राग आला हाये," ती म्हणाली.

"येऊ दे," रंजीता म्हणाली, आणि जागची उठली नाही.