कोपरावरचं भोक

रफू करणाऱ्या बाईच्या घरात धड कपडा सापडायचा नाही. गिऱ्हाइकाचं आधी, घरचं मग, आणि ते 'मग' काही येत नाही. बावन्न वर्षं मी लोकांच्या कोटांची, स्वेटरांची, पडद्यांची भोकं बुजवली आणि माझ्या नवऱ्याचा करडा कोट उजव्या कोपरावर फाटलेलाच राहिला. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली. कोट दुकानाच्या दाराआड खुंटीला तसाच. "उद्या करते" असं मी त्याला जितक्यांदा सांगितलं, तितके टाके घातले असते तर दोन कोट झाले असते.

हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या भोकामुळे झालं.

मुंगी म्हणजे माझी नात, मुलाची मुलगी. लहानपणी टेबलाखाली बसून दोऱ्यांचे तुकडे कुठून कुठे ओढत न्यायची, म्हणून मुंगी. आता चोवीस वर्षांची आहे आणि अजून तेच करते, फक्त दोरे कॉम्प्युटरमध्ये नेते. तीन वर्षं ती एक व्हिडिओ गेम बनवत होती. एकटी. तो गेम वीस मिनिटांत संपतो हे तिने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं, तेव्हा मी हातातली सुई खाली ठेवली.

"तीन वर्षं रांधायचं आणि वीस मिनिटांत उठायचं?"

"स्वयंपाक असाच असतो ना, आजी."

जीभ माझ्यावर गेली आहे तिची. बाकी सगळं आईवर.

गेम म्हणजे काय ते मला माझ्या मुलामुळे माहीत. तो बसच्या आगारात कारकून आहे. घरी आला की फोनवर रंगीत गोट्या फोडत बसतो. चार हजार एकशे बाराव्या पायरीवर आहे म्हणे. मी एकदा विचारलं, शेवट कधी येतो? तो म्हणाला, "शेवट नसतो, आई. ते लोक नव्या पायऱ्या करत राहतात." म्हणजे माझ्या दुकानासारखंच की. फक्त गोट्या चकचकीत.

मुंगीच्या गेममध्ये गोट्या नाहीत, गुण नाहीत, कोणी कोणाला मारत नाही. एक सुई आणि तिच्यामागे दोरा. सात कपडे, प्रत्येकावर एक भोक. कपडे खरे, माझ्याच दुकानात आलेले. गिऱ्हाइकांना विचारून तिने ते छापखान्यातल्या मोठ्या स्कॅनरवर ठेवले आणि इतके मोठे करून घेतले की मोज्याची टाच मैदानाएवढी दिसते. लोकरीचे केस गवतासारखे उभे. सुई त्यातून चालते तेव्हा ते बाजूला होतात आणि मागे हळूच मिटतात. रंग कपड्यांचे तेवढेच. करडा, मातकट, विटून गेलेला निळा. आवाज माझ्या कात्रीचा आणि इस्त्रीच्या वाफेचा. तो तिने माझ्याकडून कधी चोरून घेतला, पत्ता नाही.

"यात माणूस जिंकतो कधी?" मी विचारलं.

"जिंकत नाही. बरं करतो आणि निघतो."

दुसऱ्या एका शहरात पाच जण मिळून असलेच छोटे, वेगळ्या तऱ्हेचे गेम बनवतात. ते तिला दोन वर्षं कामावर घ्यायला तयार होते. अट एकच. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत पूर्ण गेम त्यांच्या हातात पडला पाहिजे. अर्धवट काम त्यांना बघायचंच नव्हतं. ही अट मला आवडली. तोंडावर मात्र मी काही दाखवलं नाही.

कारण माझंही एक गणित होतं. उजवं मनगट सकाळी वळत नाही. सुईत दोरा ओवायला तीनदा थुंकी लावावी लागते. आणि माझी खुर्ची. नवऱ्याने तिचे पाय चार बोटं कापून दिले होते, मांडी उंच राहावी आणि कपडा तिच्यावर सपाट बसावा म्हणून. त्या खुर्चीत माझा मुलगा बसला की त्याचे गुडघे हनुवटीला लागतात. सूनबाई बसली तर उठायला दोन माणसं लागतील. त्या खुर्चीच्या मापाचं घरात एकच माणूस.

म्हणून मी मुंगीला स्पष्ट सांगितलं होतं. "शुक्रवारी बारापर्यंत गेला तर तू जा. मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही गेला, तर सोमवारपासून खुर्चीत."

"शब्द काढणार नाहीस, हे लिहून दे," म्हणाली. पण कबूल झाली.

सहा कपडे झाले होते. सातवा राहिला होता आणि त्यासाठी तिला आजोबांचा कोट हवा होता. मी म्हटलं, तोच कशाला? म्हणाली, "दुकानातलं तेवढंच एक भोक उघडं राहिलंय." छापखाना दर बुधवारी यंत्रं पुसायला बंद असतो, तेव्हा स्कॅनर तिला मोकळा मिळायचा. म्हणून मंगळवारी तिने कोट खुंटीवरून काढला, ब्रशने झाडला, माझ्या टेबलावर दिव्याखाली बाही पसरून ठेवला आणि वेळ पक्की करायला छापखान्यात गेली.

मी जेवून दुकानात आले. दिवा लागलेला. त्याखाली कपडा, भोक वर केलेलं. बावन्न वर्षं मी रोज दुपारी हेच बघत आले आहे. बसले, चष्मा लावला. आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे दोरे काढले, आडवे घातले, मग उभे विणत गेले. एक वर, एक खाली.

मी काय करते आहे हे मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही. कोट कोणाचा, ते कळत होतं. अकरा वर्षांचा 'उद्या' त्या दुपारी आला होता. मुंगीला तो कशासाठी हवा होता, तेवढं मात्र डोक्यातून साफ गेलं. अडीच तास लागले. वाफ दिली, हात फिरवला, कोट परत खुंटीला लावला. फार दमले होते. घरी जाऊन आडवी झाले.

बुधवारी दोन वाजता मुंगीने कोट उतरवला आणि बाही वळवली. तिचा अंगठा कोपरावरून फिरला आणि थांबला.

"हे तू केलंस?"

आणि मला आधी काय लागलं असेल? तिचं काम बुडालं हे नव्हे. "कुठे केलंय ते तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"दिसतंय, आजी."

माझं रफू दिसतंय. एके काळी लोक कपडा उजेडात धरून भोक कुठे होतं ते शोधायचे आणि मी हाताची घडी घालून त्यांची गंमत बघायचे. कोणाला सापडलं नाही कधी. या पोरीने एका अंगठ्यात काढलं.

सूनबाई दवाखान्यातून येता येता डबा द्यायला थांबली होती. ती इंजेक्शनं देते, बोलतेही तसंच. "आई, एवढं करायला नको होतं."

"काय केलं मी?"

"तिला जाऊ द्यायचं नाही, हे तोंडाने सांगितलं असतं तरी चाललं असतं. सुईने कशाला सांगितलंत?"

विसरले म्हटलं तर कोणाला पटणार? माझं मलाच अर्धवट पटत होतं. माझा मुलगा त्या दिवशी सुट्टीवर होता, दारातल्या स्टुलावर बसून गोट्या फोडत होता. मान वर न करता म्हणाला, "दुसरं भोक पाडा की. कात्री आहे ना?"

सूनबाईने आणि मी एकाच वेळी त्याच्याकडे बघितलं. आमचं एकमत वर्षातून एकदा होतं, ते झालं.

"बाबा, कात्रीने पाडलेलं भोक नसतं," मुंगी म्हणाली. "ते कापणं झालं. झिजलेल्या भोकाच्या कडेला दोरे पातळ होत जातात. कुठे कापड संपतं ते सांगता येत नाही. मला ते हवं होतं."

हे माझे शब्द. ती सात वर्षांची असताना मीच शिकवलेले. म्हणजे तिने टेबलाखाली बसून नुसते दोरे ओढले नव्हते.

"स्कॅनर कितीपर्यंत मोकळा आहे?" मी विचारलं.

"पाचपर्यंत. राहू दे, आजी. आजोबांचा कोट आहे, चांगला झालाय. मी कळवते त्यांना, नाही जमलं म्हणून."

"चांगला झालाय म्हणे. आत्ता म्हणालीस दिसतंय. कोट इकडे दे."

आमच्या कामात एक रीत आहे. जुना दोरा कापायचा नाही. कितीही झिजलेला असो, नवा दोरा त्याच्याच बाजूने न्यायचा. कडा कापून साफ केली की काम सोपं होतं, पण ते ठिगळवाल्यांचं काम. मी जन्मात कापली नाही. म्हणजे जुनं भोक खाली जसंच्या तसं होतं. फक्त उसवायला हवं होतं. आणि स्वतःचं रफू उसवणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

खुर्चीत बसले, दिवा ओढला आणि बघते तर मला माझेच टाके दिसेनात. चष्मा पुसला, कोट खिडकीशी नेला. नुसतं करडं कापड. मुंगी आली, गुडघ्यावर बसली आणि बोट टेकवलं.

"इथून, आजी."

मग तसंच चाललं. ती बोट ठेवायची, मी सुईच्या मागच्या टोकाने दोरा उचलायचे आणि ओढून घ्यायचे. तिला दिसायचं, मला दिसायचं नाही. हात तेवढा माझा. सूनबाई निघाली होती, ती गेलीच नाही. पाण्याचा पेला टेबलावर ठेवला आणि बाजूला उभी राहिली. नवे दोरे एकेक करून टेबलावर जमले, आणि साडेतीनला भोक परत वर आलं. लांबट, एका अंगाला ओघळलेलं. मी काम करत असताना नवरा या टेबलावर कोपर टेकून समोर बसायचा. काही बोलायचा नाही, बघत बसायचा. ते भोक टेबलाच्या कडेने पाडलं होतं. इतकी वर्षं मला सुचलं नव्हतं.

"ने आता," मी म्हटलं. "आणि घडी कोपरावर घालू नकोस."

गेली. सूनबाई पेला उचलत म्हणाली, "मघाशी मी जास्त बोलले."

"रोजच बोलतेस. आज बरोबर वेळेला बोललीस."

गुरुवारभर मुंगी खोलीतून बाहेर आली नाही. शुक्रवारी साडेदहाला तिने गेम पाठवला. मग कॉम्प्युटर उचलून दुकानात आणला, टेबलावरचे कपडे बाजूला सारले आणि तो माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "पहिलं गिऱ्हाईक तू."

बोटाने सुई न्यायची, एवढंच. मोजा झाला. शाळामास्तरांची पँट झाली, तिच्या गुडघ्यावरची चमक अशी दिसत होती जशी चिखलात ऊन पडावं. ती पँट माझ्या मांडीवर चारदा येऊन गेली होती, मी तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. भोक दिसलं की बुजवायचं. बघायला सवड कोणाला होती?

सातवा आला. करडं रान सगळीकडे आणि मधे ते भोक, तळ्यासारखं. माझी सुई कडेला गेली आणि अडली.

"दोरा कुठे गेला?"

"दोरा संपला, आजी."

"मग मी बुजवू कशाने?"

"बुजवायचं नाही. भोवतीने हिंड. बघ."

मी हिंडले. कडेचे दोरे पातळ होत होत उजेडात जात होते. खाली, खूप खोल, अस्तराचा तांबूस रंग. मी दोन फेऱ्या घातल्या, मग सुई कडेलाच थांबवली. हळूहळू सगळं करडं झालं.

"पुढे?"

"झालं."

"झालं म्हणजे?"

"संपलं, आजी. ऊठ आता."

त्या दुकानात मला हे कोणी म्हटलं नव्हतं. मी काही उठले नाही. मुंगीने घड्याळ बघितलं. "बावीस मिनिटं लागली. मला वीस लागतात."

"मी काम सावकाश करते."

एवढ्यात वकील आले. जुनं गिऱ्हाईक. काळ्या कोटाच्या खिशाजवळ जळून भोक पडलेलं. "आजी, सोमवारपर्यंत होईल ना? कोर्टात उभं राहायचंय."

"होईल. पण माझं रफू आता दिसतं, वकीलसाहेब."

"कोण म्हणतं?"

"ही म्हणते."

त्यांनी मुंगीकडे बघितलं. "मग ही करेल."

"ही सोमवारी कामाला परगावी जातेय. पूल ओलांडला की एक बाई बसते, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तोंड वाईट आहे, हात चांगला आहे."

"तोंडाची मला सवय आहे," ते म्हणाले आणि कोट परत पिशवीत घालून गेले. बावन्न वर्षांत परत गेलेला पहिला कपडा. वाटलं होतं, छातीत काहीतरी होईल. झोप आली.

मुंगी दारात उभी होती. निघायचं बोलावं की नाही, अशी. मी शब्द दिला होता, म्हणून मीही त्यावर बोलले नाही. करडा कोट खुंटीला लावला, कोपर बाहेरच्या अंगाला.

"गेममधला तो शेवटचा तेवढा परत लाव," मी म्हटलं.

"नुसता शेवटचा नाही लावता येत, आजी. पहिल्यापासून यावं लागतं."

"मग पहिल्यापासून लाव. वीस मिनिटं तर आहेत."