फेब्रुवारीची द्राक्षं

नेने द्राक्षं खात होती.

यात बातमी काय, असं कुणालाही वाटेल. नेने म्हणजे माझी आजी, ब्याऐंशी वर्षांची, स्टूल घरचं, मांडव घरचा, फेब्रुवारीतला शनिवार, सिडनीचं ऊन आणि मांडीवर काळ्या द्राक्षांचा घड. पण देदे, म्हणजे माझे आजोबा, टोपली घेऊन गॅरेजमधून बाहेर आले आणि तिथेच थबकले. जणू नेने विजेची वायर चघळत होती.

"अर्शो," ते म्हणाले, "थुंक."

"का? गोड आहेत." नेनेने एक बी तेवढी नीट तळहातावर थुंकली आणि स्टुलाच्या कडेला ठेवली. "तुम्ही फ्रिजवाले ना? झाला का दुरुस्त?"

"होत आलाय, बाई," देदे म्हणाले.

हे उत्तर त्यांनी दोन वर्षांपूर्वी तयार केलं होतं. नेनेचं विसरणं सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की तिला खोडून काढू नका. देदेंना खोडायची गरजही पडली नाही. चाळीस वर्षं त्यांनी याच शहरात फ्रिज दुरुस्त केले, त्यामुळे बायकोने नवरा म्हणून ओळखलं नाही तरी धंद्याने ती बरोबरच ओळखायची. "बाकीच्यांच्या बायका त्यांना चोर समजतात," ते मला सांगायचे, "माझं नशीब बघ, तालार."

मी देठ मोजले. सतरा द्राक्षं पोटात गेली होती.

आम्हा आर्मेनियन लोकांत ऑगस्टच्या मध्यावर देवमातेचा सण येतो. त्या रविवारी चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देतात. तोपर्यंत त्या वर्षीचं द्राक्ष तोंडात घालायचं नाही. ज्यांनी हा नियम केला त्यांच्याकडे द्राक्षं ऑगस्टमध्ये पिकत होती. पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात उद्या आपली माणसं फ्रिज दुरुस्त करत राहतील, असं त्यांच्या मनात आलं नसावं. इथे द्राक्षं पिकतात फेब्रुवारीत, आणि ऑगस्टमध्ये वेल म्हणजे भिंतीला टेकवलेली काटकी असते.

बहुतेक आर्मेनियन यावर फार विचार करत नाहीत. फेब्रुवारीत खातात, ऑगस्टमध्ये पुन्हा पावन होऊन खातात. नेनेची गोष्ट वेगळी, कारण तिचा नवस होता.

साठ वर्षांपूर्वी कैरोहून बोटीने येताना ती पोटुशी होती आणि दहाव्या दिवशी रक्त जायला लागलं. बोटीवरचा डॉक्टर जनावरांचा होता. नेनेने देवमातेला सांगितलं, मूल जिवंत हाती लागू दे, तुझ्या आशीर्वादावाचून मी द्राक्षाला तोंड लावणार नाही. मूल जिवंत हाती लागलं. ते म्हणजे माझे बाबा. ते घरं विकतात आणि त्यांना द्राक्षं आवडत नाहीत.

गंमत अशी की नवस बोलताना वेलही तिच्या हातातच होती. वडिलांच्या अंगणातल्या द्राक्षाच्या दोन काड्या तिने पानं काढून, टोकं घासून, विणायच्या सुया म्हणून आणल्या होत्या. त्यांवर स्वेटर चढवला होता आणि सुकू नये म्हणून लोकर रोज ओली करत होती. बंदरावर टोपीवाल्या अधिकाऱ्याने सामान तपासलं. झाडाची काडी, मातीचं ढेकूळ, काहीही आत न्यायला बंदी. त्याने स्वेटर उचलून पाहिला. तो ओला का, हे विचारलं नाही. वीण छान आहे म्हणाला. देदे दर रविवारी त्या माणसासाठी मेणबत्ती लावतात. नाव ठाऊक नाही, म्हणून प्रार्थनेत त्याला 'टोपीवाला' म्हणतात.

सुया अंगणात पुरल्या. एक मेली, एक जगली. स्वेटर एका बाहीवर थांबला.

तिसऱ्या वर्षी वेलीला पहिले घड आले, फेब्रुवारीत. देदे म्हणाले, चुकून आले असतील, प्रवासाने दमलीय, हळूहळू कळेल तिला. वेलीला कळलं नाही. तेव्हापासून त्या माणसाने आपली सगळी विद्या एकाच कामाला लावली: फेब्रुवारीची द्राक्षं ऑगस्टपर्यंत टिकवणं. लाकडाचा भुसा झाला. घडांवर कागदी पिशव्या झाल्या, त्या काकाकुव्यांनी उघडून बघितल्या. शेवटी गॅरेजमध्ये त्यांनी स्वतः जोडलेला फ्रिज आला. घड काडीसकट कापायचा, काडी बियरच्या बाटलीतल्या पाण्यात खुपसायची, पाण्यात कोळशाचा तुकडा, आणि थंडी बरोबर शून्यावर. एक अंश वर गेला की बुरशी, खाली गेला की गोट्या. एका वर्षी तीन घड नऊ ऑगस्टपर्यंत पोहोचले होते. दहा ऑगस्टला बाबांनी बियर काढायला फ्रिज उघडला आणि उघडाच ठेवला. ज्याच्यासाठी नवस, त्यानेच.

म्हणून नेने दर ऑगस्टमध्ये चर्चमधलं, विमानाने आलेलं एक द्राक्ष खायची आणि म्हणायची, "पुठ्ठ्यासारखं लागतंय. देवाची कृपा." आपल्या वेलीचं द्राक्ष तिने कधीच चाखलं नव्हतं. ती खात नाही म्हणून देदेंनीही नाही. मी सहाव्या वर्षापासून चोरून खात आलेय, पण मी कुणाला काही कबूल केलेलं नाही.

आणि दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांकडून परतताना, गाडीत, नेनेने देदेंना सांगितलं होतं, "मी सगळं विसरेन. विसरू दे. पण द्राक्षांचं तेवढं तुम्ही बघा." देदे हो म्हणाले होते. मी मागच्या सीटवर होते.

आता ते टोपली आणायला दोन मिनिटं आत गेले होते.

"दोनच मिनिटं," ते मला म्हणाले. "दोन वर्षं डोळ्यात तेल घालून बसलो, आणि टोपलीपायी घात झाला."

"देदे, तिला आठवतही नाही."

"म्हणूनच मला सांगून ठेवलं ना तिने? आठवत असतं तर माझी काय गरज होती?"

आणि त्यांनी लगेच बाबांना फोन लावला.

"हराच, कुठे आहेस? जिन्यावर असशील तर कठडा धर."

"काय झालं, बाबा?"

"आईने द्राक्षं खाल्ली."

"बरं मग?"

"मग काय? तुझ्यासाठीचा नवस आहे. आज गाडी चालवू नकोस. मासे खाऊ नकोस, काटा असतो."

"बाबा, माझं वय साठीला आलंय."

"देवमातेने वयाची अट घातली नव्हती," असं म्हणून देदेंनी फोन ठेवला. मग मला विचारलं, "द्राक्ष पचायला किती वेळ लागतो?"

"मी दातांच्या दवाखान्यात काम करते. आमचा संबंध चावण्यापर्यंत."

"म्हणजे अजून आहेत पोटात," ते म्हणाले आणि सपाता घालूनच गाडीत बसले.

तेर हायर खोरेन, आमचे पाद्री, चर्चच्या मैदानावर फुटबॉलच्या पोरांसाठी मांस भाजत होते. वय तेहतीस, बेरूतहून आलेले. आले त्या आठवड्यात देदेंनी त्यांना फ्रिज नेऊन दिला होता. ही देदेंची पद्धतच होती. बेरूत, बगदाद, अलेप्पो, जगात कुठे काही पेटलं की दोन-तीन महिन्यांत आमच्या गॅरेजसमोर नवी माणसं उभी राहायची. देदे जुना फ्रिज ठणठणीत करून त्यांच्या घरी लावायचे आणि म्हणायचे, "आता तुम्ही पोहोचलात." त्यामुळे तेर हायर झग्यावरचा एप्रन न काढताच आले. येताना गाडीत देदेंनी त्यांना सगळं सांगितलं होतं आणि ते घाबरलेले दिसत होते.

"ओन्निग काका, द्राक्षांचा आशीर्वाद ऑगस्टमध्येच असतो. मी असा फेब्रुवारीत कसा देणार? मला वर विचारावं लागेल."

"वर म्हणजे देवाला?"

"नाही हो. बिशपांना."

"मग राहू दे. वेळ नाही."

तेर हायरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि तिथे काजळी लागली. "एक करता येईल. घराला आशीर्वाद केव्हाही देता येतो. भाकर, मीठ, पाणी ठेवायचं. घरात जे जे आहे ते सगळं त्यात येतं."

"पोटातलंही?"

तेर हायरांनी बराच विचार केला. त्यांच्या शिक्षणात हा प्रश्न आला नसावा. "पोट घरात असेल तर," ते म्हणाले.

पोट मांडवाखाली होतं आणि उठायला तयार नव्हतं.

"नेने, आत चल, कॉफी करते," मी म्हटलं.

"इथे बरं वाटतंय. बाबांची वेल आहे ही. पानं बघ." तिला घर आठवत नव्हतं, मी अधूनमधून आठवत होते, पण पानं ओळखीची होती. "बाबा येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

बाबा, म्हणजे तिचे वडील, चाळीसएक वर्षांपूर्वी कैरोत वारले. देदेंनी खोडलं नाही. वेलीकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं, आणि दुरुस्तीच्या वेळी जी एक शीळ घालायचे ती घातली.

"बाई," ते म्हणाले, "वेल आत चाललीय. तुम्ही येताय का?"

आम्ही तिघांनी मांडवाच्या तारा सोडल्या. देदे शिडीवर, तेर हायर खाली हात उंचावून, मी खिडकीच्या आत. सगळ्यात लांब फांदी, तिला लगडलेल्या पाच घडांसकट, इंचाइंचाने खिडकीतून आत घेतली. पडदा निघाला, कॉफीचं भांडं पडलं, तेर हायरांच्या दाढीत कोळी शिरला. त्यांनी त्यालाही आशीर्वाद दिला असावा, कारण ओठ हलत होते. शेवटी फांदी टेबलावर येऊन टेकली, अगदी भाकर, मीठ, पाण्याच्या शेजारी, जणू तिला बोलावणं होतं. नेने दारातून आली. वेलीच्या मागोमाग, काठी टेकत, पाहुणीसारखी. खुर्चीवर बसली.

तेर हायरांनी एप्रन काढला. त्यांचा आवाज चांगला आहे. घर आमचं छोटं, त्यामुळे तो भिंतींना भिडून परत येत होता. भाकरीला, मिठाला, पाण्याला, छपराला, उंबऱ्याला, या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना. देदे हात जोडून उभे होते आणि त्यांचे डोळे सबंध वेळ नेनेच्या पोटावर होते. शेवटी तेर हायरांनी फांदीवरही हात धरला. बिशपांना हे कळू नये अशी माझी इच्छा आहे.

"झालं," ते म्हणाले. "आता खा, अर्शालूइस काकी. निश्चिंत खा."

देदेंनी एक घड कापला. साठ वर्षांत पहिल्यांदा त्या वेलीचा घड त्यांनी तिच्यासमोर बशीत ठेवला.

नेने घडाकडे बघत राहिली. मग तिने तेर हायरांकडे बघितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"तुम्ही पाद्री ना?" ती म्हणाली.

"हो, काकी."

"शिकलात कुठे? ऑगस्ट कुठे आलाय अजून?"

नेनेने बशी एका बोटाने दूर सारली आणि मान देदेंकडे वळवली. तिच्या डोळ्यांत ते आले. फ्रिजवाले नाही, नवरा.

"उस्ताद," ती म्हणाली. दोन वर्षांत तिने त्यांना या नावाने हाक मारली नव्हती. "तुम्हाला लाज नाही वाटत? इतकी वर्षं मी एक दाणा तोंडात घातला नाही, आणि तुम्ही फेब्रुवारीत बशी भरून पुढे करता? माझ्या हराचचं काही झालं म्हणजे? आणि या काय सपाता घालून पाद्र्यांसमोर उभे राहिलात? आणि माझा पडदा कुणी काढला?"

"मी," देदे म्हणाले.

"लावा."

"लावतो."

"माणसाला एक गोष्ट सांगावी, तर तीही लक्षात राहत नाही."

"चुकलं, अर्शो."

"चुकलं म्हणे," नेने म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडून मिठात बुडवला.

तेर हायर खिडकीकडे तोंड करून दाढीतला कोळी शोधत होते. मला वाटतं, कोळी केव्हाच गेला होता. देदे मात्र बायकोची बोलणी खाल्लेल्या नवऱ्याने जसं ओशाळून उभं राहायला हवं तसे उभे नव्हते. कुणी छातीवर पदक लावावं तसे ताठ उभे होते. "ऐकलंस?" ते मला हळूच म्हणाले. "एकही शब्द चुकली नाही."

पाच मिनिटांनी नेनेने विचारलं, "फ्रिज झाला का?"

"होतच आलाय, बाई," देदे म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता.

त्यांनी बशीतला घड उचलला. काडी बाटलीत खुपसता येईल एवढी ठेवूनच तो कापला होता, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. फांदीवरचे उरलेले चारही त्यांनी तसेच काडीसकट कापून टोपलीत ठेवले. मग दारामागच्या खुंटीवरचा तो एका बाहीचा स्वेटर काढला. फ्रिज उघडायचा असला की ते तोच घालतात. आत हात एकच घालावा लागतो, दोन बाह्यांची गरज नाही.

बाहेर चाळीस अंश तापमान होतं. ओन्निग देदेंनी लोकरीच्या बाहीत उजवा हात घातला, गळ्यापर्यंत गुंडी लावली, टोपली उचलली आणि घड शून्यावर ठेवायला गॅरेजकडे गेले.