चालत आलेली तार

नाथाजी पोस्टमनला पिक्चरचं वेड होतं, आणि तेही जगावेगळं. लोक गाण्यांसाठी जातात, मारामारीसाठी जातात. हा गडी साताऱ्याला जाऊन एकाच पिक्चरची पहिली दहा मिनिटं बघायला चार वेळा तिकीट काढून आला. पुढचा पिक्चर भिकार आहे, असं तो स्वतःच सांगायचा. पण सुरवात? सुरवात सांगायला बसला की पारावरची माणसं जेवणं विसरायची.

"आदी नुसती गल्ली," तो सांगायचा. "माणूस न्हाई, म्युझिक न्हाई. मग बूट दिसत्यात. नुसते बूट, तोंड दावतच न्हाईत. तोंड दावलं की भ्या संपलं. मग घरात बाई, भाजी चिरतीया. तिला काय ठावं न्हाई, आपल्याला ठावं हाय. हितंच खरी मेख. मग बूट, मग बाई. परत बूट, परत बाई. दर येळी तुकडा आखूड करत आणत्यात, तसा आपला बी दम आखूड हुतो. शेवटाला दाराच्या फटीत सावली. बाई सुरी घट्ट धरती. दार उघडतं."

इथं नाथाजी थांबायचा आणि सावकाश बिडी पेटवायचा.

"आरं फुडं सांग की, मुडद्या."

"फुडं काय, परीट. इस्त्रीची कापडं घिऊन आलाय."

पार हसून लोटपोट. मग नाथाजी मास्तरासारखं बोट वर करून म्हणायचा, "ह्ये हसू हाय न्हवं, ह्ये भ्यानं पिकवल्यालं असतंय. आदी भ्या न्हाई तर हसू बी न्हाई." अक्कल होती गड्याला, नाही कोण म्हणतं? ती कुठं वापरावी एवढंच कळलं नाही.

गाव होतं पलटणीचं. घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं तार या शब्दानंच बायकांच्या काळजात धस्स व्हायचं. नाथाजीच्या आधीच्या पोस्टमननं त्यावर एक रीत पाडून ठेवली होती. तार चांगली असेल तर वेशीपासून सायकलची घंटी वाजवत यायचं. वाईट असेल तर वेशीतच उतरायचं आणि सायकल हातात धरून, न बोलता चालत यायचं. ते बघून शेजारपाजार आपोआप मागं निघायचा, म्हणजे दारात तार वाचली जाईल तेव्हा त्या बाईला धरायला चार हात असायचे. एकाहत्तरच्या लढाईत नाथाजी असा दोनदा चालत आला होता.

त्याला दोन वर्षं उलटून गेली. चैत्रातल्या एका सकाळी हरणाबाईच्या दादासोची तार आली. पोस्टमास्तरांनी इंग्रजी वाचून सांगितलं, रजा मंजूर, दहा तारखेला पोचतो. दीड वर्षानं पोरगा घरी येणार होता. नाथाजीनं तार खिशात घातली, सायकलवर टांग टाकली आणि वेशीत आल्यावर त्याच्या डोक्यात ते बूट आले.

वाईट हेतू नव्हता, देवाशपथ नव्हता. त्याला वाटलं, हरणाकाकी आणि तिची सून अंजनावहिनी क्षणभर घाबरतील आणि मग असं हसतील की गाव वर्षभर नाव काढील. तो सायकलवरून उतरला.

गल्लीत पहिल्यांदा शेजारच्या धोंडुबाईनं बघितलं. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग एक दार उघडलं, मग दुसरं. माणसं मागं येत गेली. नाथाजीनं मान खाली घातली होती ती तोंडावरचं हसू दिसू नये म्हणून. चार पावलं टाकायचा, थांबायचा. अंजना अंगणात डाळ निवडत होती. तिनं मान वर केली. त्यानं मुद्दाम आणखी थोडा वेळ घेतला, सायकल स्टँडला लावली, खिशात हात घातला आणि तो हात खिशातच ठेवला.

एवढ्यात अंजना उंबऱ्यावर कोसळली. दोन्ही हात तिनं असे आपटले की हिरव्या बांगड्यांचा चुरा झाला आणि मनगटातनं रक्ताची धार लागली. पदरानं तिनं कपाळ पुसून काढलं. हरणाबाई आतून आली, दारात बसली आणि तिची वाचाच गेली.

"आवं, तार चांगली हाय," नाथाजी ओरडला. "दादासो येतोय. रजेवर येतोय."

कुणी हसलं नाही. धोंडुबाईनं अंजनाच्या मनगटावर फडकं दाबलं आणि विचारलं, "मग चालत का आलास रं?"

"टायर फुटला," नाथाजी म्हणाला. दोन्ही टायर टणक होते. पण त्या वेळी सायकलकडं बघायचं भान कुणाला होतं?

लोकांनी विश्वास ठेवला, हीच त्याची शिक्षा झाली. त्याला ओसरीवर बसवून पाणी दिलं. "तुझा बिचाऱ्याचा काय दोष," असं म्हणाले. दोष कुणाचा तरी असावाच लागतो, तो अंजनाच्या वाट्याला आला. तार वाचायच्या आधी हात आपटले. जित्या नवऱ्याचं कुंकू पुसलं. एवढी कसली घाई म्हणते मी, असं बायका पाणवठ्यावर बोलायला लागल्या. हरणाबाईला रात्री वाचा आली ती सुनेला बोल लावायलाच. पोराच्या आयुष्याला धोका नको म्हणून म्हातारीनं मीठ सोडलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गावानं अंजनाला बोलावलं नाही.

नाथाजी रोज त्या दारावरून जायचा. अंजनाच्या हातावरची पट्टी दिसली की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. उद्या सांगू, म्हणायचा. उद्या यायचा आणि हा सायकलचा वेग वाढवून निघून जायचा. पारावर जाणंही त्यानं बंद केलं.

दहा तारखेला दादासो आला, धडधाकट. अकराला त्यानं नाथाजीला चहाला बोलावलं. ओसरीवर बसवलं, पलटणीतल्या गोष्टी सांगितल्या, आणि म्हणाला, "तू त्या पिक्चरची सुरवात लय झ्याक सांगतोस म्हणं. आमाला बी सांग की गड्या."

"ऱ्हाऊ दे रं."

"भाव खाऊ नगंस."

अंजना चहा घेऊन आली आणि दाराशी थांबली. नाथाजीनं सुरवात केली. नुसती गल्ली, म्युझिक न्हाई. तोंड दावतच न्हाईत. बोलता बोलता प्रत्येक वाक्याबरोबर त्याला या घराचं अंगण दिसायला लागलं. "मग त्यो थांबतो," तो म्हणाला. "मुद्दाम येळ घेतो. खिशात हात घालतो, पर काढत न्हाई."

पिक्चरमधे खिसाबिसा काही नव्हता. नाथाजीला ते तोंडातून गेल्यावर कळलं.

दादासो पुढचं ऐकायला वाकून बसला होता. अंजनानं कपबशी खाली ठेवली.

"भावजी, मंजी टायर फुटला नव्हता."

नाथाजीनं मान हलवली. "न्हाई, वहिनी."

दादासो उठला. त्याची मूठ वळलेली नाथाजीनं पाहिली, आणि मार बसावा असं त्याला मनापासून वाटलं. पण अंजना मधे आली. आवाज न चढवता ती म्हणाली, "त्येंना मारू नगा. मारलं की फिटलं म्हणतील. भावजी, तवा तुमच्या मागं समदी गल्ली आली व्हती. आज तितक्याच माणसांम्होरं सांगा."

संध्याकाळी माणसं पारावर जमली. नाथाजी दिसला म्हणून पोरंही धावत आली, आज गोष्ट होणार म्हणून. बायका पलीकडं उभ्या राहिल्या. पुढं हरणाबाई, शेजारी धोंडुबाई, आणि जरा अंतर ठेवून अंजना. गोष्ट लांबवण्यात ज्याचा हात कुणी धरला नसता, त्यानं त्या दिवशी एका दमात सगळं सांगून टाकलं. टायर फुटला नव्हता. मुद्दाम चालत आलो. अंजनावहिनीची तिळाएवढी चूक न्हाई. मी गंमत केली.

हरणाबाई सुनेकडं वळली, तिचं मनगट हातात घेऊन जखमेची खपली बघत राहिली.

धोंडुबाई दोन पावलं पुढं आली. एकाहत्तरच्या त्या दोन तारांतली एक तिच्याच पोराची होती. नाथाजी तिच्या दारात असाच चालत आला होता.

"मला एवढंच सांग, नाथा," ती म्हणाली. "त्यातली गंमत कुटली?"

नाथाजीनं मान खाली घातली. ती मात्र उत्तरासाठी तशीच उभी राहिली.