आत्या गेली

काजवालीच्या थोरल्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं आणि सहा महिन्यांनी त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आत्याची मालिका संपली ती त्याच वर्षी. मालिकेला खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे आत्याची मालिकाच म्हणायचे. भावाच्या घरी राहणारी एक बिनलग्नाची बाई, सगळ्यांचं करणारी आणि सगळ्यांचं ऐकून घेणारी. अकरा वर्षं रोज संध्याकाळी साडेसहाला ती ऐकून घ्यायची आणि बघणारे दातओठ खायचे.

काजवाली ही मालिका बघत नसे, ऐकत असे. ती गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काजं करायची, म्हणून तिला सगळे काजवाली म्हणायचे. शर्टाला सात, कोटाला चार, दिवसाला काही शे काजं तिच्या हाताखालून जायची. कारखान्यात टीव्ही होता, पण तो बायकांच्या पाठीमागे उंच फळीवर. मालकाची अट अशी, की कान टीव्हीला द्या, डोळे सुईला द्या. एकदा एकीने मान वळवली आणि सुई बोटातून आरपार गेली, तेव्हापासून ती अट कुणी मोडली नव्हती. त्यामुळे आत्या कशी दिसते हे त्या बायकांना धड सांगता आलं नसतं, पण तिचा उसासा कुठला आणि तिच्या भावजयीचा कुठला, हे त्या मशिनींच्या आवाजातही ओळखायच्या.

घरी सगळं उलट. काजवालीच्या सासूबाईंना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. आवाज वाढवला की शेजारचा घड्याळवाला भिंत ठोकायचा, म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज पार बंदच करून टाकला होता. त्या नुसत्या बघायच्या. मग आठ वाजता सून घरी आली, की जेवताना दोघी मिळून तो भाग पुरा करायच्या. कोण काय बोललं ते सून समोर बसून, ओठ नीट हलवून, ओरडून सांगायची. कुणी कुणाकडे कसं बघितलं, कोणतं लुगडं नेसलं होतं, दाराआड कोण उभं होतं, ते सासूबाई सांगायच्या. घड्याळवाला म्हणायचा, तुमच्या घरात मालिका दोनदा लागते आणि दुसऱ्यांदा जास्त रंगते.

काजवालीचा नवरा, म्हणजे सासूबाईंचा एकुलता एक मुलगा, चार वर्षांपूर्वी गेला होता. त्यानंतर महिन्याभरात सासूबाईंच्या हृदयाने दगा दिला होता. त्या वाचल्या, पण डॉक्टरांनी काजवालीला बाजूला घेऊन सांगितलं, की आता यांना धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. तेव्हापासून ती भीती तिच्या पोटात घर करून बसली होती. रोज संध्याकाळी कुलपात किल्ली फिरवताना तिचा हात क्षणभर थांबायचा.

शेवटचा भाग जाहीर झाला आणि त्या भीतीला पाय फुटले. आत्याला मारणार, असं जो तो म्हणत होता. जाहिरातीत दवाखान्याची खाट दाखवली होती. सासूबाईंनी ती जाहिरात बघितली आणि जेवता जेवता शांतपणे म्हणाल्या, "तिचं जे होईल ते माझं होईल."

टीव्हीची वायर काढून ठेवू का, असं काजवालीच्या मनात आलं, पण सासूबाई शेजारी जाऊन बघतील आणि तिथे पडल्या तर? तिने रजा मागितली. मालकाने कपाळाला हात लावला. उद्या माल जायचाय, नऊशे कोट काजांशिवाय पडलेत, आणि तुला मालिकेसाठी रजा हवी? मालिकेसाठी नाही, सासूसाठी, असं तिने सांगितलं, तेव्हा बाकीच्या हसल्या. बटणवाली म्हणाली, माझी सासू मालिकेने जात असेल तर मी रोज दोन लावीन.

शुक्रवारी साडेसहाला कारखान्यात एकही बाई बोलत नव्हती. मालकाने स्वतः आवाज वाढवला. आत्याचा आवाज बारीक झाला होता. भाच्याशी दोन शब्द बोलली, पाणी मागितलं. मग बराच वेळ नुसतं संगीत. एक दार लागल्याचा आवाज आला. पावलं. आणि भाचा हंबरडा फोडल्यासारखा म्हणाला, "आत्या गेली."

मशिनी थांबल्या. बटणवालीने तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिची बटणं मांडीवरून खाली घरंगळली. कातरकाम करणारा मास्तर, जो कधी कुणाच्या मयतीलाही रडला नव्हता, चष्मा पुसू लागला. पलीकडची एक लिहिणाऱ्याचे हात झडोत म्हणाली. मान मात्र कुणी वळवली नाही. अकरा वर्षांची सवय.

काजवाली उठली. मालक काहीतरी म्हणाला, ते तिला ऐकू आलं नाही. ती चपला पायात सरकवून बाहेर पडली.

कारखान्यापासून घर वीस मिनिटांवर. रस्त्यावर लोक घराबाहेर, दुकानाबाहेर उभे राहून बोलत होते. औषधाच्या दुकानाशी एक बाई दुसरीला सांगत होती, सुटली गं बिचारी एकदाची. पुढे पायरीवर बसलेला एक म्हातारा नाक शिंकरत म्हणत होता, कुणाचा निरोपसुद्धा घेतला नाही तिने. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेला माणूस तावातावाने बोलत होता, की अकरा वर्षं ज्यांच्यासाठी झिजली, त्यांना शेवटी कळलं, पण काय उपयोग, गेल्यावर? प्रत्येक शब्द काजवालीच्या छातीत रुतत होता. ती चालायची, मग पळायची, मग कुशीत चमक भरली की पुन्हा चालायची. आता बघितलं असेल. आता कळलं असेल. एकट्या आहेत. पाणी द्यायलाही कुणी नाही.

तिने घरी फोन लावला नाही. सासूबाईंना फोनची घंटा ऐकूच येत नसे.

कुलपात किल्ली फिरली, पण दार उघडलं नाही. आतून वरची कडी लावलेली होती. ती कडी त्या घरात कधीच कुणी लावत नसे. काजवालीने दारावर हात आपटले, हाका मारल्या, आणि हाका मारताना तिला ठाऊक होतं की हे सगळं भिंतीला सांगितल्यासारखं आहे. ती दाराशेजारच्या खिडकीशी गेली. पडद्याच्या फटीतून टीव्हीचा निळा उजेड दिसत होता. खुर्ची रिकामी होती. पलंगाच्या कडेला जमिनीवर पायांचे दोन तळवे दिसत होते. उताणे नाहीत, पालथे. टाचा वर. हलत नव्हते.

घड्याळवाला आपलं भिंग डोळ्याला तसंच लावून बाहेर आला. तिने नुसतं बोट दाखवलं. त्याने फटीतून बघितलं, भिंग काढून खिशात टाकलं, आणि दुकानातली हातोडी आणून काच फोडली. कडा साफ करायला तो पुन्हा हात उचलतो तोच काजवालीने आत हात घातला आणि चाचपडत कडी ओढली. मनगटापासून कोपरापर्यंत रक्ताची रेघ उमटली. तिला ती जाणवलीही नाही.

दार उघडलं. ती गुडघ्यांवर पडली आणि तिने ते तळवे धरले.

तळवे झटकन मागे गेले. पलंगाखालून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं, केसांना जळमटं, हातात जुन्या पत्र्याच्या पेटीची कडी. त्यांनी सुनेचा चेहरा बघितला, दारातला हातोडीवाला बघितला, रक्त बघितलं, आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या.

"अगं, काय झालं? कोण मेलं?"

काजवालीला हसू येत होतं की रडू, ते तिलाही कळेना. ती ओठ हलवून म्हणाली, "आत्या गेली ना, आई."

"गेलीच की. मी बघितली ना. खाटेवरून उठली, पिशवी भरली, दार ओढून घेतलं आणि गेली. फाटकातून, आपल्या पायांनी. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही पठ्ठीने."

घड्याळवाल्याने दारातून मान डोलावली. हो, तसंच दाखवलं, तो म्हणाला, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मग फुटलेल्या काचेकडे बघून, काचेचे पैसे मी मागणार नाही, असं पुटपुटत तो झाडू आणायला गेला.

काजवाली जमिनीवरच बसून राहिली. पलंगावर तिला आता दिसलं. कापडी पिशवी उघडी होती. दोन लुगडी, शाल, कंगवा, चष्म्याचं घर. पेटीतून आणखी काही काढायचं असावं. कडी का लावली होती तेही तिला समजलं. शेजाऱ्याने डोकावून विचारपूस करू नये म्हणून.

सासूबाई पलंगावर टेकल्या. धाकट्या बहिणीकडे जायचं म्हणाल्या. बहीण चार वर्षं बोलावत होती, तिथे अंगण होतं, बरोबरीचं माणूस होतं. आपण गेलो नाही ते सुनेसाठी. ही दिवसभर मशिनीवर, रात्री एकटी घरात, घाबरून मरेल, म्हणून थांबलो. पण आज त्या बाईला फाटकातून जाताना बघितलं आणि वाटलं, की आता नाही गेलं तर मग पायच उचलणार नाही. हे सगळं त्या मोठ्या आवाजात, ऐकू न येणाऱ्या माणसासारखं बोलल्या. गल्लीने ऐकलं असेल.

काजवाली मोरीशी गेली. हात नळाखाली धरला. पाणी गुलाबी होऊन वाहत होतं. छातीतली धडधड अजून थांबली नव्हती, आणि ती आता कशाची होती हे तिला कळत होतं. पाठ फिरवलेली असतानाच ती म्हणाली, "मी एकटी इथे काय करू?"

सासूबाईंना ते ऐकू गेलं नाही. त्या पिशवीत लुगड्याची घडी सारखी करत होत्या.

काजवालीला वळून, समोर बसून, ओठ नीट हलवून तेच पुन्हा म्हणता आलं असतं. सासूबाई लगेच थांबल्या असत्या. पिशवी रिकामी झाली असती, पेटी पलंगाखाली गेली असती. ती हाताला फडकं गुंडाळत तशीच उभी राहिली. फडकं घट्ट बसलं, तरी गुंडाळत राहिली. मग वळली, सासूबाईंच्या समोर बसली आणि ओरडून म्हणाली, "हृदयाच्या गोळ्या घेतल्यात का पिशवीत?"

"त्याच राहिल्या बघ," सासूबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी तिने त्यांना बसमध्ये खिडकीशी बसवून दिलं. गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून दिल्या आणि वाहकाला दोनदा बजावलं, की यांना ऐकू येत नाही, उतरायचं आलं की खांद्याला हात लावा. सोमवारी संध्याकाळी कुलपात किल्ली फिरवताना तिचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. आत कुणी नव्हतं, आणि कुणी नसणार हे तिला माहीत होतं, तरी ती सगळे दिवे लावून मगच आत गेली. असं बरेच दिवस चाललं.

सासूबाई बहिणीकडे दोन वर्षं पाच महिने राहिल्या. नणंदेच्या त्याच मुलीला पहिला मुलगा झाला त्या वर्षी, त्याच्या जन्मानंतर नवव्या दिवशी, बुधवारी दुपारी अंगणात बसल्या बसल्या त्या वारल्या.