उजव्या खांद्यावरचे उपरणे

कोरीटच्या पितांबरगुरुजींनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी स्वतःला प्रथमच डोके खाली अशा अवस्थेत पाहिले. ते मुळीच विचलित झाले नाहीत. ओसरीवर, चौरंगावर ठेवलेल्या लॅपटॉपसमोर ते मांडी घालून स्थिर बसले होते. पडद्यावरचे गुरुजी मात्र छतातून लोंबत होते.

"झाडले लटकेल वाघूयना मायक दिसी ऱ्हायनात तुम्ही," रंजनाबाई म्हणाल्या. वटवाघळाची ही उपमा गुरुजींनी मान डोलावून स्वीकारली. पण मग नीट पाहण्यासाठी बाई पतीच्या शेजारी वाकल्या आणि त्यांचे हसू विरले. "अन् मन्हं कुकू निळं कसं झायं?"

सून मोहिनी पुढे सरसावली. नवऱ्याचा, ललितचा, जुना लॅपटॉप तिनेच स्वच्छ करून, त्यावर विनामूल्य मिळणारी प्रणाली घालून सासऱ्यांसाठी सिद्ध केला होता. ती घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहीत असे, आणि गुरुजी तिच्या कामाला 'मोहिनीचे अध्ययन' म्हणत.

निमित्तही तसेच मोलाचे होते. सुरतेच्या एका बँकेत नोकरी करणाऱ्या हेमकांताने गुरुजींकडून हस्तस्वर शिकण्याची इच्छा कळवली होती. मंत्र म्हणताना उजवा हात स्वराबरोबर हलतो. उदात्ताला वर, अनुदात्ताला खाली, स्वरिताला बाजूला. हेमकांताला मंत्र वडिलांकडून मुखोद्गत होते, पण हात कोणी शिकवला नव्हता. येत्या रविवारी त्याला तिथल्या वेदपाठी ज्येष्ठांसमोर एक सूक्त म्हणायचे होते. गुरुजींचे गुडघे आता सुरतेचा प्रवास मान्य करीत नव्हते. तापीकाठी प्रकाश्याच्या घाटावर आपल्या गुरूंनी मनगट धरून जे हातात घातले, ते मागायला इतक्या वर्षांत हा एकच मनुष्य आला होता.

मोहिनीने तासाभरात दोष शोधला. "आबा, कारखान्यात कॅमेरा उलटा बसवलाय. कॅमेरा चालवणारा प्रोग्रॅम असतो, ड्रायव्हर. त्यात अशा मशिनांची एक यादी असते, नाव दिसलं की चित्र सुलटं करायचं. आपलं मशीन त्या यादीत नाही."

"आणि कुंकू?"

"चित्राच्या प्रत्येक बिंदूचे तीन रंग असतात. कॅमेरा निळा आधी पाठवतो, ड्रायव्हर त्यालाच लाल समजतो."

"संस्कृतात पदे कोणत्याही क्रमाने ठेवली तरी अर्थ ढळत नाही."

"या बिंदूंना विभक्ती नाही, आबा. क्रम गेला की सगळंच गेलं."

गुरुजींना हे उत्तर इतके आवडले की त्यांनी ते रंजनाबाईंना दोनदा सांगितले. रंजनाबाई म्हणाल्या, "मन्हं कुकू लाल करा पहिले."

कुंकू लाल झाले. मोहिनीने चित्राचे वर-खाली बदलले आणि गुरुजी सरळ बसले. तिने पंचांगाचे एक पान कॅमेऱ्यापुढे धरले. अक्षरे पडद्यावर नीट वाचता आली. समाधानाने ती आपल्या कामाला गेली.

सोमवारी पडद्यावरून पाठ सुरू झाला. गुरुजींचा नियम त्यांच्या गुरूंचाच होता : पहिले तीन दिवस शिष्याने केवळ पाहावे आणि ऐकावे, प्रश्न नाही, उच्चार नाही. हेमकांत तीनही दिवस हात मांडीवर ठेवून बसला. गुरुजींनी सूक्त पुनःपुन्हा म्हटले.

गुरुवारी सकाळी हेमकांताने प्रथमच तोंड उघडले. स्वर शुद्ध होता. गुरुजींनी पडद्यावर दृष्टी लावली. हेमकांताचा डावा हात उंचावत होता. उपरणे उजव्या खांद्यावर होते.

उपरणे डाव्या खांद्यावर असते ते देवकार्यात. उजव्या खांद्यावर जाते ते पितरांच्या कार्यात. गुरुजींनी अत्यंत मृदुपणे विचारले, "हेमकांत, आज घरी कोणाचे श्राद्ध आहे का?"

"नाही, गुरुजी." सुरतेचा तो गृहस्थ अवघडला. "मीच विचारणार होतो. तीन दिवस आपल्याकडे अपसव्य चाललंय, हातही डावा. बोलायची आज्ञा नव्हती. वाटलं, आपल्या परंपरेची रीत असेल. म्हणून मीही तसंच घेतलं."

गुरुजींनी स्वतःच्या खांद्याकडे पाहिले. उपरणे डावीकडेच होते.

आतून मोहिनी आली ती कपाळाला हात लावूनच. "चूक माझी आहे. कॅमेरा उलटा बसवला की चित्राचं वर-खालीही फिरतं आणि डावं-उजवंही. मी फक्त वर-खाली सुधारलं."

"पण पंचांगाचे पान तर वाचता आले?"

"तिथंच फसले. बोलायचं ॲप आपलं चित्र आपल्यालाच आरशासारखं फिरवून दाखवतं. उलटं पुन्हा उलटलं, म्हणून इथं सरळ दिसलं. सुरतेला मात्र एकदाच उलटलेलं गेलं."

"तठे तुम्ही डावखोरा व्हयी गयात," रंजनाबाईंनी भाष्य केले.

मोहिनीने बसल्या बसल्या ड्रायव्हरमध्ये सुधारणा केली. "आता, हेमकांतभाऊ?"

"उपरणं डाव्या खांद्यावर गेलं," हेमकांत म्हणाला. मग हळूच, "पण रात्री आरशासमोर सराव केलाय, गुरुजी. हाताला सवय लागली."

मोहिनीची मान खाली गेली. गुरुजी म्हणाले, "मुली, तुझा दोष एका घटकेचा. माझा तीन दिवसांचा. पहिल्याच दिवशी त्याला बोलू दिले असते, तर त्याने पहिल्याच दिवशी विचारले असते." आणि पडद्याकडे वळून त्यांनी आपल्या गुरूंचा नियम आयुष्यात प्रथमच मोडला. "हेमकांत, आजपासून जे खटकेल ते तत्क्षणी विचारायचे. मंत्राच्या मध्ये असलो तरी."

हेमकांताने त्या दिवशी सतरा प्रश्न विचारले. शुक्रवारी नऊ. शनिवारी दोन. दरम्यान मोहिनीने लॅपटॉपचे नाव आणि दोन्ही सुधारणा त्या यादीच्या सांभाळकर्त्यांकडे पाठवून दिल्या, म्हणजे असेच यंत्र असलेल्या कुणाचे गुरुजी डावखुरे होणार नाहीत.

रविवारी हेमकांताच्या मुलीने तिकडचा फोन सभेत उभा करून ठेवला. ओसरीवर तिघे बसले. सूक्त सुरू झाले. उजवा हात वर गेला, खाली आला, बाजूला वळला. गुरुजींचाही उजवा हात मांडीवर नकळत हलू लागला. मनगटावर जुन्या बोटांची पकड जाणवावी तसे त्यांना झाले.

"त्याना डावा हात कोठे शे?" रंजनाबाईंनी कुजबुजत विचारले.

गुरुजींनी निरखून पाहिले. हेमकांताने डावा हात मांडीखाली घट्ट दाबून ठेवला होता, आणि प्रत्येक स्वरिताला त्याचा डावा खांदा किंचित उसळत होता.

"बसला आहे त्याच्यावर," गुरुजी म्हणाले, आणि मंत्र संपेपर्यंत त्यांच्या मिशांतले हसू मावळले नाही.