साडेबावीस मीटर

मास्तरांना शाळेत नावानं कुणी ओळखत नसे. 'पाच-अठरा' म्हटलं की शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ती लांब मान आणि कानावरची लाल पेन्सिल उभी राहायची. ताशी किलोमीटरमधला वेग सेकंदाला मीटरमध्ये आणायचा तर पाचानं गुणायचं, अठरानं भागायचं. गोष्ट एवढीशी, पण मास्तरांनी ती पोरांच्या डोक्यात अशी काही ठोकून बसवली की विचारू नका. त्यांचा एक जुना विद्यार्थी भूल चढताना ऑपरेशनच्या टेबलावर 'पाच भागिले अठरा' पुटपुटला म्हणे, आणि सर्जनही मास्तरांचाच विद्यार्थी निघाल्यामुळे त्यानं आधी 'बरोबर' म्हटलं आणि मग सुरी उचलली. खरं-खोटं तो सर्जन जाणे.

एकक न लिहिलेलं उत्तर म्हणजे मास्तरांच्या लेखी बिनडोक्याचा माणूस. मुलगा झाला तेव्हा नर्स बाहेर येऊन 'तीन' म्हणाली, तर यांनी विचारलं, "तीन काय?"

"तीन किलो," नर्स म्हणाली. "आणि मुलगा आहे. तो कशात मोजू, ते तुम्हीच सांगा."

तो मुलगा गेल्या वर्षी गेला. दूध डेअरीचा टँकर चालवायचा. शहराबाहेरच्या रस्त्यावर, वळणाच्या पुढे, एक बंद पडलेला ट्रेलर उभा होता. त्याच्यावर टँकर गेला. दिवसाढवळ्या, कोरड्या रस्त्यावर. ब्रेक ठाकठीक होते. वेगाची नोंद करणारं यंत्र गाडीत होतं, त्यानं ताशी चोपन्न दाखवलं. हे सगळं डेअरीच्या मॅनेजरनं घरी येऊन सांगितलं, आणि जाताना आणखी एक सांगितलं: सुनेला दूध तपासायच्या खोलीत नोकरी मिळेल, पण माध्यमिक शाळेची परीक्षा पास हवी.

सून त्या परीक्षेत मागे एकदा आपटली होती, तीही विज्ञानातच. मग लग्न झालं आणि ते राहूनच गेलं. आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोज दुपारी सासरा शिकवायचा आणि सून शिकायची. घरात दुसरं बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे भौतिकशास्त्राचं बरं चाललं होतं.

बरं म्हणजे, एक सोडून. मास्तरांच्या गणितात गाड्या सुटायच्या, वेग घ्यायच्या, एकमेकींना मागे टाकायच्या. थांबायची मात्र एकही नाही. गेले कित्येक आठवडे त्यांच्या टेबलावरून सुटलेल्या मोटारी, आगगाड्या आणि सायकली अजून कुठेतरी धावतच असतील.

त्या दुपारी सुनेनं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे सरकवलं.

"बाबा, ब्रेकची गणितं राहिलीत."

"ती फारशी येत नाहीत पेपरात."

"दरवर्षी येतात. मागं मी त्यातच गटांगळ्या खाल्ल्या होत्या." ती थांबली. "परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. तुम्ही नाही शिकवलंत तर मी शेजारच्या शिंपीणबाईंना विचारीन, आणि त्या मला पाय दाबून शिलाई मशीन कशी थांबवायची ते शिकवतील."

मास्तर हसले नाहीत, पण पेन्सिल कानावरून खाली आली. त्यांनी सूत्र लिहिलं. अंतिम वेगाचा वर्ग, सुरुवातीच्या वेगाचा वर्ग, त्वरण, अंतर. गाडी थांबते म्हणजे अंतिम वेग शून्य, आणि ब्रेकचं त्वरण ऋण. दोन गणितं त्यांनी सोडवून दाखवली, चार तिनं सोडवली. चारही बरोबर. वेग दर वेळी तिनं मुकाट्यानं मीटरमध्ये आणला. लाल पेन्सिलीला काही कामच पडलं नाही.

मग तिनं पान उलटलं आणि म्हणाली, "आता एक मी घालते."

"घाल."

"एक टँकर आहे. ताशी चोपन्न."

मास्तरांचा हात टेबलावरच राहिला. 

"वळणापासून ट्रेलरपर्यंत साठ मीटर," सून म्हणाली. ते अंतर तिला कुणी सांगायला नको होतं. मास्तर टेप घेऊन तिथे गेले तेव्हा टेपचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं. कशाला मोजताय, असं तेव्हा तिनं विचारलं नव्हतं. "ब्रेकचं ऋण त्वरण किती धरू?"

"पाच," मास्तर म्हणाले. इतक्या झटकन, की ते गणित त्यांनी याआधी किती वेळा केलं असेल ते तिला कळायला वेळ लागला नसावा.

केलंच होतं त्यांनी. चोपन्न म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत साडेबावीस. डोळ्यानं बघून पाय पडेपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी पंधरा. एकूण साडेसदतीस. ट्रेलरच्या अलीकडे साडेबावीस मीटर रस्ता मोकळा उरतो. तेवढ्यात एक टँकर आडवा लावता येईल. पण रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. पोरानं ब्रेक दाबलेच नव्हते. आणि शेवटच्या महिन्यांत तो जेवताना बोलत नसे, ताटाकडे बघत बसे. या दोन गोष्टींची मास्तरांनी मनातल्या मनात बेरीज केली होती, आणि जे उत्तर आलं ते त्यांनी कुणालाही दाखवलं नव्हतं. आपल्या पोरानं ते जाणूनबुजून केलं, असं ते उत्तर होतं.

सून लिहीत होती. मास्तर उलट्या बाजूनं वाचत होते. तेवढी सवय मास्तरकीत होतेच. तिनं चोपन्नाचा वर्ग केला. चोपन्नाचाच. पाच नाही, अठरा नाही. दोन हजार नऊशे सोळा, भागिले दहा.

"दोनशे एक्क्याण्णव पूर्णांक सहा मीटर," ती म्हणाली. "आणि रस्ता होता साठ. म्हणजे काही केलं तरी थांबला नसता."

"हं," मास्तर म्हणाले.

हेडमास्तरांच्या मुलीला याच चुकीसाठी त्यांनी शून्य दिलं होतं आणि बदलीची धमकी पचवली होती. आज पेन्सिल त्यांच्या बोटांत होती आणि बोटं हलत नव्हती. खूण केली तर या पोरीला कळणार, की नवऱ्याला थांबायला पुरून उरेल एवढा रस्ता होता. नाही केली तर ती हीच चूक पेपरात करणार, नापास होणार, नोकरी हातची जाणार. एकीकडे तिचं पोट आणि दुसरीकडे तिची झोप. आयुष्यभर दुसऱ्यांची गणितं तपासली, पण असं गणित कुणी घातलं नव्हतं त्यांना.

"बरोबर आहे ना, बाबा?"

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. आधी होता त्याहून तो जास्तच धूसर झाला.

"नाही," ते म्हणाले. "एकक." आणि त्या चोपन्नाभोवती त्यांनी लाल गोल काढला. तो गोल नीट जुळला नाही.

सुनेनं त्याच्याकडे बघितलं. आश्चर्य वाटल्यासारखी ती दिसली नाही.

"मला येतं ते," ती हळू म्हणाली. "वरच्या चारींमध्ये केलंय ना? इथेच नको वाटलं करायला. म्हटलं, बघावं, तुम्ही चूक तशीच सोडून देताय का. तुम्ही दिली असती सोडून, तर मीही हा विषय तिथेच सोडला असता."

"म्हणजे तुला उत्तर माहीत होतं."

"साडेबावीस. काल भांडी घासताना तोंडीच केलं, पुस्तकातलं पाच धरून." तिनं वही मिटली नाही, नुसता त्यावर पंजा ठेवला. "त्यांचा डोळा लागला असणार, बाबा. सलग दुसरी पाळी होती. नको म्हणत होते. दोन महिने पुरती झोप नव्हती, जेवताना बसल्या बसल्या पेंगायचे. मीच म्हटलं, एवढी एक करा, मग सुट्टी घ्या."

मास्तर ऐकत राहिले. ताटाकडे बघत बसायचा, तो पेंगत होता. वर्षभर छातीवर बसलेला धोंडा सरकला, आणि त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, खूप बरं वाटलं. मग समोर बघितलं, तर तोच धोंडा त्या पोरीच्या छातीवर होता, आणि आपण इकडे मोकळा श्वास घेतोय याची त्यांना अशी लाज वाटली की त्यांनी तो श्वास मध्येच थांबवला. आपल्याला काय वाटत होतं, ते तिला सांगावं का? ते ऐकून तिचं ओझं हलकं होणार की दुप्पट, हे काही त्यांना ठरवता येईना.

"गणितात ड्रायव्हर नसतो गं," ते शेवटी म्हणाले. "वेग असतो, अंतर असतं. आत कोण बसलंय, जागं आहे का, ते सूत्राला माहीत नसतं."

"म्हणजे माझी चूक नाही, असं म्हणताय?"

"म्हणजे ते सूत्राला विचारू नये, एवढंच म्हणतोय."

"तुम्हाला विचारलं तर?"

मास्तरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "मी तरी त्याला कधी म्हटलं होतं, नको जाऊस म्हणून?" ते म्हणाले. "मी तिथेच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो."

तिनं पदरानं डोळे टिपले, नाक ओढलं, आणि नवं पान काढलं.

"पेपरात विचारतील ना असलं?"

"विचारतील."

"मग पुढचं घाला."

मास्तरांनी घातलं. मोटारीचा वेग ताशी बहात्तर, समोर पंचेचाळीस मीटरवर भिंत, ऋण त्वरण पाच. तिनं बहात्तराचे वीस केले, वीसचा वर्ग केला, दहानं भागलं, एककासकट उत्तर लिहिलं आणि खाली रेघ मारली. चाळीस मीटर. गाडी भिंतीच्या पाच मीटर अलीकडे थांबली, आणि सासरा-सून दोघंही त्या थांबलेल्या गाडीकडे बघत बसले.